दुकानातला सर्व्हर अडला तर आधी काय पाहावे?

मे महिना सरत आला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांत एकच घाई उडते. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. बर्फ, डिझेल, खलाशांची उचल, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडची उधारी, सारे हिशेब त्याआधी मिटवायचे असतात. अशाच ऐन घाईत आमच्या ओळखीच्या एका मासळीच्या पेढीवर बिले साठवली जाईनात. काउंटरवरचे दोन्ही संगणक ठीक होते. पण हिशेबाच्या फायली ज्या मागच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर होत्या, तो नवीन काही लिहून घेईना. कुणी म्हणाले, "डिस्क गेली, मशीनच बदला." मालक पैसे मोजायला तयारही झाले. खोट मात्र वेगळीच निघाली. ती पुढे सांगतो. आधी लिनक्स म्हणजे काय ते पाहू.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. डेबियन, उबुंटू, तसेच आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली आणलेली बॉस, ही सारी त्याच गाभ्यावर उभी आहेत. डेबियन, उबुंटूला परवान्याची फी नाही आणि साध्या फायली सांभाळायला जुना संगणकही पुरतो. काउंटरवर विंडोज व हिशेबाचा प्रोग्राम, फायली मात्र साम्बा या सोयीने लिनक्सवर, अशी मांडणी छोट्या पेढीला परवडते. प्रणाली फुकट मिळते. तिची निगा मात्र आपल्यालाच राखावी लागते.

सर्व्हर अडला की पहिली चूक होते ती बटण दाबून तो बंद करण्याची. तसे करू नये. चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. खालच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकायच्या असतात. जाणत्याकडून त्या एका कागदावर लिहून घ्याव्यात आणि सर्व्हरशेजारी चिकटवाव्यात.

पहिली गोष्ट वीज आणि तार. नेटवर्कच्या तारेजवळचा दिवा लुकलुकतो का? किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने जोडाच्या पट्ट्यांवर गंज चढतो. पुष्कळदा तार काढून पुन्हा घट्ट बसवली की काम भागते. मग काउंटरवरून 'पिंग' करून सर्व्हर हाकेला ओ देतो का ते पाहावे.

दुसरी गोष्ट जागा. 'डीएफ', मग जागा सोडून आडवी रेघ आणि 'एच', एवढे टंकले की कोणती डिस्क किती टक्के भरली ते दिसते. आकडा १०० झाला की नवीन बिल साठवायला जागाच उरत नाही. डिस्क खराब होणे वेगळे आणि भरणे वेगळे. कोठार भरले म्हणून कुणी कोठार पाडत नाही.

तिसरी गोष्ट सेवा. फायली वाटणारा साम्बा चालू आहे का, हे 'सिस्टमसीटीएल स्टेटस एसएमबीडी' या आज्ञेने कळते. उत्तरात 'अ‍ॅक्टिव्ह' दिसले तर ठीक. 'फेल्ड' दिसले तर 'स्टेटस'च्या जागी 'रीस्टार्ट' लिहून ती सेवा पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी आज्ञेच्या आधी 'सुडो', म्हणजे मालकाचा अधिकार, लावावा लागतो. हा अधिकार दुकानातल्या प्रत्येकाच्या हाती देऊ नये.

चौथी गोष्ट नोंदी. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा सर्व्हरची रोजनिशी उघडते. काय बिघडले, किती वाजता बिघडले, हे यंत्र आपणहून लिहून ठेवते. तंत्रज्ञाला फोन करताना "चालत नाही" एवढेच न सांगता त्या ओळी वाचून दाखवाव्यात. त्याचा वेळ आणि आपला खर्च, दोन्ही वाचतात.

आता त्या पेढीची गोष्ट. दुसऱ्याच पायरीवर १०० टक्के दिसले. तेथे क्रॉन नावाचा वेळापत्रकाचा कारकून रोज रात्री फायलींची तारीखवार प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकत असे. झाडलोटीत केव्हातरी त्या डिस्कची पिन सैल झाली. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका फोल्डरच्या जागी जोडली जाते. डिस्क निघाली तरी रिकामा फोल्डर तिथेच राहतो. क्रॉन हुकमाप्रमाणे त्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, रोज नवी प्रत टाकत राहिला. डिस्क भरली ती त्यामुळे. नवीन मशीनचा खर्च वाचला; पण आमच्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच विचाराने. इतके दिवस पेढीचा सारा हिशेब एकाच डिस्कवर होता आणि मालक निर्धास्त होते.

आधी ताज्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या, मगच जुन्या प्रती पुसल्या. लिनक्समध्ये आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, कायमची जाते. म्हणून पुसण्याची आज्ञा दोनदा वाचूनच द्यावी. आता तेथे प्रत काढण्याआधी बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे क्रॉन तपासतो. नसेल तर काम थांबवून तशी नोंद करतो.

आपल्या भागात विजेचाही भरवसा नसतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. वीज एकाएकी गेली तर लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाइल-व्यवस्था फायलींच्या मांडणीतील बदल आधी कच्च्या वहीत टिपते आणि चालू होताना तीवरून मांडणी सावरते. पण त्या क्षणी लिहिला जात असलेला मजकूर हरवू शकतो. म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी जोडणीही हवी. वीज परतल्यावर तारीख-वेळही तपासावी. आतला छोटा सेल संपला असेल तर घड्याळ मागे पडते आणि बिलांवर भलतीच तारीख येते.

हिशेब जपणे ही केवळ सोय नाही. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. संगणकावरील नोंदींची प्रत अशी ठेवावी की अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने मूळ नोंदी गेल्या तरी वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता येतील, असेही नियम सांगतात. "वादळात गेले" म्हटल्याने ही जबाबदारी टळत नाही.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच. महिन्यातून एक दिवस ठरवा. बाहेरच्या डिस्कवरून मागच्या आठवड्याची एक फाइल वेगळ्या जागी उतरवा आणि ती उघडून बघा. बेरीज जुळली तरच प्रत आहे असे समजा. एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा. आपण गल्ला रोज रात्री स्वतः मोजतो. प्रत मात्र कुणीतरी काढत असेल म्हणून सोडून देतो. तीही स्वतःच मोजावी.