हिरवी वैरण, ‘अ’ जीवनसत्त्व आणि पेशीतील जनुके

मुळा-मुठेच्या काठचे खराडी गाव 1997 साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की गाईम्हशींसाठी ओली वैरण विकत आणावी लागते व उन्हाळ्यात केवळ कडब्यावर निभावण्याकडे कल होतो. परंतु वैरण उन्हात वाळली की तिच्यातील कॅरोटीन बहुतांशी नष्ट होते. आणि कॅरोटीनापासूनच जनावराच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते.

या जीवनसत्त्वाचे एक रूप अंधुक प्रकाशात पाहण्यास साहाय्य करते. दुसरे रूप म्हणजे रेटिनॉइक आम्ल. 1960 साली डाउलिंग व वॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरांना जीवनसत्त्वाऐवजी केवळ हे आम्ल दिले, तेव्हा उंदीर वाढले, पण आंधळे झाले. यावरून दोन्ही कार्ये भिन्न असल्याचे दिसते.

हे आम्ल कसे कार्य करते, याचा उलगडा होण्यास 1987 साली आरंभ झाला. त्या वर्षी फ्रान्समध्ये शाँबाँ व अमेरिकेत एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी आम्लाचे ग्राही प्रथिन शोधून काढले. पेशीच्या केंद्रकात अशा ग्राही प्रथिनांची जोडी ठराविक जनुकांजवळ बसलेली असते. आम्ल नसताना ती रोधक प्रथिनांना धरून ठेवते व तेथील जनुकसूत्र घट्ट गुंडाळलेले राहते. आम्ल चिकटताच जोडीचा आकार बदलतो, रोधक प्रथिने सुटतात, त्यांच्या जागी साहाय्यक प्रथिने येतात, सूत्र सैल होते आणि जनुकाचे कार्य सुरू होते. पाटाचे दार उघडल्यावरच वाफ्यात पाणी शिरावे, तसाच हा प्रकार होय.

आम्ल अपुरे पडल्यास डोळे, श्वासनलिका व आतडे यांची ओलसर अस्तरे कोरडी व खरबरीत होतात आणि रोगजंतूंना वाट मिळते. गाभण गाईस तीव्र कमतरता असल्यास वासरू अशक्त किंवा आंधळे जन्मते. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असल्याने उणीव प्रारंभी लक्षात येत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

कडब्याबरोबर दररोज थोडी तरी लसूणघास किंवा हिरवा मका द्यावा. नवजात वासरास पहिल्या काही तासांतच चीक पाजावा. मात्र हे जीवनसत्त्व अति झाल्यासही अपाय होतो, विशेषतः गर्भास. यास्तव त्याची औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.