भास्कराचार्यांचा वेळू : एक गणित, पाच पायऱ्या

आज एकच गणित सोडवायचं आहे, पण सावकाश. वही-पेन्सिल जवळ घ्या. नातवंडं शेजारी असतील तर फारच उत्तम.

इथे इलेक्ट्रॉनिक सिटीत आई-बाबा होसूर रोडच्या गर्दीतून येईपर्यंत बऱ्याच घरी गृहपाठ आजी-आजोबांकडे असतो. आपण 'कर्ण' म्हणतो, मुलं 'हायपोटेन्यूज' म्हणतात. तेवढं जमवून घेता येतं. खरी अडचण वेगळी आहे. अडलं की मुलं गणिताचा फोटो काढतात आणि मोबाइल पायऱ्यांसकट उत्तर देतो. ते वहीत उतरतं. मग विचारा, "ही ओळ इथे का आली?" तिथे गाडी थांबते. आणि परीक्षेत मोबाइल नसतो.

आजचं गणित 'लीलावती'तलं, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमाराचं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला होता. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे.

गणित असं : सपाट जमिनीवर ३२ हात उंच वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मधेच मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं. वेळू किती उंचीवर मोडला?

पायरी १ : गणित आपल्या शब्दांत परत सांगा. फौजेत आदेश मिळाला की तो परत म्हणून दाखवावा लागतो, तसंच. काय दिलंय? पूर्ण उंची आणि जमिनीवरचं अंतर. काय हवंय? मोडल्याची उंची.

पायरी २ : आकृती काढा. उभा भाग, जमीन आणि तिरका भाग मिळून त्रिकोण होतो. वेळू सरळ उभा आणि जमीन सपाट, म्हणून बुंध्याशी काटकोन. 'सपाट' हा शब्द उगाच दिलेला नाही. काटकोन नसेल तर पायथागोरसचं प्रमेय लावता येत नाही.

पायरी ३ : उभा भाग क्ष मानू. वेळू मोडला, पण तुटून पडला नाही, म्हणून तिरका भाग ३२ − क्ष. हाच कर्ण.

क्ष² + १६² = (३२ − क्ष)²

पायरी ४ : सोडवा.

क्ष² + २५६ = १०२४ − ६४क्ष + क्ष²

दोन्ही बाजूंना क्ष² आहे, तो वजा करू.

६४क्ष = १०२४ − २५६ = ७६८
क्ष = १२

पायरी ५ : ताळा. आतापर्यंत आपण 'असा क्ष असेल, तर तो १२' एवढंच दाखवलं. तो गणितात बसतो का, हे ताळ्याने कळतं. उभा भाग १२, तिरका २०. १४४ + २५६ = ४००, आणि २० चा वर्गही ४००. जमलं.

आता मुलांची नेहमीची चूक. पायरी ३ नंतर ती दोन्हीकडचे वर्ग सरळ काढून टाकतात : क्ष + १६ = ३२ − क्ष, म्हणून क्ष = ८. ताळा पाहा. ६४ + २५६ = ३२०, पण तिरका भाग २४ आणि त्याचा वर्ग ५७६. बेरजेचं वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज नव्हे. आकृतीही हेच सांगते : त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा नेहमी मोठी असते, मग क्ष + १६ कर्णाइतकं कसं होईल? बीजगणितातली चूक भूमितीने पकडली.

अशा वेळी "चुकलं" म्हणून खोडू नका. "ताळा करून बघ" म्हणा. चूक मुलाला स्वतः सापडली, की ती पुन्हा सहसा होत नाही.

पुढच्या भागापर्यंत हे करून ठेवा, हेही 'लीलावती'तलंच. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी बीळ आहे आणि २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर आधीच सांगतो : १२. मला पायऱ्या हव्यात, प्रत्येकीपुढे 'का' लिहून.