चाळीस अंकी निवड आणि १९६१ चा कागद

२०२५ साली महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला १५,४६,५७९ नियमित विद्यार्थी बसले. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. म्हणजे तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत जिल्ह्यातलं एकूणएक माणूस परीक्षेच्या बाकावर नेऊन बसवलं, तरी साडेतीन लाख बाक रिकामे राहिले असते. त्या पंधरा लाखांतले १४,५५,४३३ पास झाले. शंभर टक्के मिळवणारे २११ निघाले आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगची पोरंही याच गर्दीत होती. दरवर्षीच असतात. फरक इतकाच, की त्या वर्षी ही सगळी गर्दी पहिल्यांदा एकाच संगणकासमोर रांगेत उभी राहिली.

तोवर अकरावीचे केंद्रीय प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या शहरी भागांपुरतेच होते. अनसिंगसारख्या गावात अकरावीचा प्रवेश म्हणजे टीसी आणि गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीशी जायचं, फी भरायची, पावती घ्यायची. २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला एकच पोर्टल लागू झालं. कनिष्ठ महाविद्यालये नऊ हजार चारशेच्या आसपास, जागा एकवीस लाखांवर, अर्जाची फी शंभर रुपये, पसंतीक्रम कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. २१ मे रोजी नोंदणी उघडली, पहिल्याच दिवशी पोर्टल अडकलं आणि २६ मे रोजी पुन्हा सुरू झालं.

या 'जास्तीत जास्त दहा'पाशी क्षणभर थांबू. दहा कॉलेजं आधीच ठरली आहेत आणि फक्त त्यांचा क्रम लावायचा आहे, असं धरलं तर तो क्रम ३६,२८,८०० प्रकारांनी लागतो. दर सेकंदाला एक यादी लिहीत सुटलो, न झोपता न जेवता, तर सगळ्या याद्या संपायला बरोबर ४२ दिवस लागतील. एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. पण कॉलेजं ठरलेली नाहीत. राज्यातल्या नऊ हजार चारशेंतून दहा निवडून क्रमाने लावायची, तर शक्य याद्यांची संख्या चाळीस अंकी होते. विश्व जन्मल्यापासून आजवर जितके सेकंद गेले, तो आकडासुद्धा अठरा अंकीच आहे.

आता हीच निवड अनसिंगमधल्या एखाद्या घरी नेऊ. पोरगी सोळा वर्षांची आहे, घरी सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती आहे आणि शहरात खोली करून ठेवायची ऐपत नाही. रोज जाऊन-येऊन शिकता येईल अशी गावं तीन: अनसिंग, वीसेक किलोमीटरवरचं वाशीम, आणि फार ओढाताण केली तर पुसद. तीन गावांचे क्रम सहा. संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नसेल तर पुसद गळतं आणि दोन क्रम उरतात. घरचे पोरीला एकटीने प्रवास करू द्यायला तयार नसतील तर एकच. चाळीस अंकी आकडा एकावर येतो, आणि तो आणणारी गोष्ट पोर्टलवर कुठेच नोंदलेली नसते.

मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रवेशाचे मोठे आकडे पेपरात छापून येतात, त्यांनी छातीत धडकी भरते, पण पोरांची वाट त्या आकड्यांपाशी अडत नाही. अकरावीला तर पास झालेल्यांपेक्षा जागा सहा लाखांहून जास्त होत्या. पहिल्या फेरीच्या यादीत ६,३२,१९४ विद्यार्थ्यांना कॉलेज मिळालं, त्यांतल्या ४,५७,८४१ जणांना पहिल्या पसंतीचं. शंभरातले बहात्तर! वाट अडते ती लहान आकड्यांपाशी: शेवटची बस, आठ लाखांची उत्पन्नमर्यादा, दाखल्यावरची एक तारीख.

फारम भरायच्या दिवसांत ऑनलाइन सेवा केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं तरी हे दिसतं. केंद्रवाला एका हाताने फोटो स्कॅन करतोय, बाजूला पोरगं उभं, त्याच्या मागे बाप. ओटीपी बापाच्या मोबाइलवर येतो. "काका, ओटीपी आला काय पाहा बरं." काका मोबाइल लांब धरून आकडे वाचतात, तोवर वेळ संपते, पुन्हा पाठवावा लागतो. पसंतीक्रम कोणते टाकायचे हे पुष्कळदा तिथेच, मागे थांबलेल्या माणसांच्या घाईत ठरतं. दोन वर्षांचं शिक्षण पाच मिनिटांत ठरतं. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हा नियम सांगायला त्या गर्दीत कुणाला सवड असते?

बारावीनंतर आकडे आणखी फुगतात. अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीय, प्रवेशात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे पर्यायांचे क्रम किती, याचं उत्तर ६१५ अंकी आहे. नुसता तो आकडा छापला तर एक मोठा परिच्छेद भरेल. पण २०२५ पासून लागू झालेला नियम नीट वाचला की हा डोंगर कोसळतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तसंच. म्हणजे तीनशेंतले खरे जोखमीचे फक्त सहा, आणि त्यांतही पहिला. पुष्कळ घरी 'मिळण्यासारखं' कॉलेज वर टाकतात आणि हवं असलेलं खाली. ही उलटी रीत आहे. हवं ते वर टाकल्याने खालची संधी जराही घटत नाही. मिळण्यासारखं वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं.

पर्सेंटाइलचा घोळही असाच. २०२५ च्या एमएचटी-सीईटीला भौतिक-रसायन-गणित गटात ४,२२,६६३ विद्यार्थी बसले. यात एक पर्सेंटाइल म्हणजे ४,२२६ मुलं. ९९ पर्सेंटाइल ऐकलं की गावात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण त्या मुलाच्या पुढे चार हजारांवर जण उभे असतात. ९५ वर एकवीस हजार, ९० वर बेचाळीस हजार. टक्के आणि पर्सेंटाइल यांत आई-वडिलांची गल्लत होते: "नव्वद पडले तरी चांगलं कॉलेज का नाही?" नव्वद टक्के गुण मिळालेले नसतात, नव्वद टक्के मुलं मागे असतात, आणि उरलेले दहा टक्के म्हणजे वाशीम शहराच्या निम्म्याहून जास्त वस्ती. हा पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत काढतात. एका सत्राला २५,००० मुलं बसली असं धरलं, तर एका मुलाचं अंतर ०.००४ पर्सेंटाइल भरतं. म्हणजे तिसऱ्या अंकानंतर जे आहे तिथे माणूस संपलेला असतो. ते अंक वेगवेगळ्या सत्रांतली मुलं एका रांगेत बसवण्यापुरते. तिथे जागा हुकलेल्या पोराला 'अभ्यास कमी पडला' म्हणणं अन्यायाचं आहे.

वैद्यकीयची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. २०२५ ला नीट दिलेले २२,०९,३१८. पात्र ठरलेले १२,३६,५३१. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. पात्र ठरलेल्या दहांमागे एक. खुल्या गटाची पात्रता रेषा त्या वर्षी ७२० पैकी १४४ वर होती, म्हणजे वीस टक्क्यांवर. गावात 'नीट पात्र' असा फलक लागतो, पोरगं हारतुऱ्यांत उभं असतं, आणि दोन महिन्यांनी त्यालाच सगळ्यांना सांगत फिरावं लागतं की पात्र असणं म्हणजे प्रवेश नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशीमही होतं. जागा शंभर. पंधरा अखिल भारतीय कोट्याच्या, पंच्याऐंशी राज्याच्या. आणि जिल्ह्यातल्या मुलांसाठी राखीव? शून्य. पूर्वी राज्यात ७०:३० चं प्रादेशिक आरक्षण होतं, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. त्यात मराठवाड्याच्या मुलांवर अन्याय होत होता, हे खरंच आहे. तरी दवाखाना आपल्या गावाशेजारी उभा राहिला आणि डॉक्टर होण्याची वाट मात्र जितकी लांब होती तितकीच राहिली, ही खंत अनसिंगच्या माणसाला वाटली तर ती खोटी नाही.

डॉक्टर-इंजिनिअरच्या या दोन दारांवरच एवढी गर्दी होते, की शेजारच्या दारांकडे कुणी बघत नाही. दहावीला पस्तीस टक्क्यांवर काठावर पास झालेला मुलगा घ्या. दोन वर्षांचा आयटीआय केला, तर योग्य ट्रेड असल्यास पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथली दोन वर्षं संपली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मग तीन वर्षं. दोन, दोन आणि तीन: सात. अकरावी-बारावी करून सीईटी देऊन गेलेल्या मुलाला दोन अधिक चार, सहा लागतात. दहावीनंतर सरळ डिप्लोमा केला तर तीन अधिक तीन, तेही सहाच. काठावर पास झालेलं पोरगं हुशार पोराच्या मागे फक्त एक वर्ष राहतं, आणि या वाटेवर ना सीईटी ना जेईई. हा हिशोब मला प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा आहे.

दोन विषयांत राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. शाळाच सुटलेल्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास असलेला माणूस तो भरून दहावीला बसू शकतो. मग १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या, लवकर लग्न झालेल्या मुलींना हे कुणी वेळेवर सांगितलं, तर पुष्कळ काही वाचतं.

मुलींसाठी आकडाच पालटला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. अट एक: प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावर, व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. एका फेरीची घाई केली म्हणून वर्षाला लाखभर रुपये अंगावर येऊ शकतात.

आता आरक्षण. राज्यात सामाजिक प्रवर्गांचं ५२ टक्के, ईडब्ल्यूएसचं १०, २०२४ पासून एसईबीसीचं १०, बेरीज ७२. हा आकडा ऐकून दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात, म्हणून तो एका मुलीपुरता मोजून पाहू. बंजारा समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी वाशीम जिल्ह्यातलंच, आणि अनसिंगच्या आसपास बंजारा तांडे आहेत. बंजारा समाज विमुक्त जाती-अ मध्ये येतो, वाटा ३ टक्के. अभियांत्रिकीच्या कटऑफ यादीत या मुलीचा रकाना 'एलव्हीजेएच' या अक्षरांनी दिसतो: मुलगी, विमुक्त जाती, स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातली. साठ जागांची एक शाखा घेऊ. तीन टक्क्यांनी १.८ जागा. त्यांतल्या स्थानिक विद्यापीठाच्या सत्तर टक्के म्हणजे १.२६. त्यांतल्या मुलींच्या तीस टक्के म्हणजे ०.३७८. प्रत्यक्षात अपूर्णांक जुळवून पूर्ण जागा केल्या जातात, आणि गुण असतील तर खुल्या जागेवर तिचा हक्क असतोच. पण बहात्तर टक्क्यांचं जे वादळ उठतं, त्यातलं तिच्या ओंजळीत इतकंच येतं.

आणि तेही मिळण्यासाठी लागतं ते जातवैधता प्रमाणपत्र. इथे मला सगळ्यात विलक्षण वाटणारे आकडे भेटतात. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीच्या मुलाला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे जोडावे लागतात. २००८ साली जन्मलेल्या तांड्यावरच्या मुलीने आपल्या जन्माच्या सत्तेचाळीस वर्षं आधीचा कागद आणायचा. पणजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नसतील तर कोतवाल बुकाची नक्कल, त्यावर वंशावळीचं शपथपत्र. ज्या समाजाला १९५२ पर्यंत गुन्हेगार जमात कायद्याच्या नजरेखाली राहावं लागलं, कामामागे गावोगाव फिरावं लागलं, त्याच्याकडे शाळेची नोंद मागायची, यातली क्रूरता कुणालाच कशी टोचत नाही, हे मला कळत नाही. त्यात एखाद्या मास्तरने तेव्हा 'बंजारा'ऐवजी 'लमाण' किंवा नुसतंच 'हिंदू' लिहिलं असलं, की चार महिने खुलाशातच जातात.

सुटकेची एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाची जरी वैधता झालेली असली, तर ते प्रमाणपत्र फार मोठा आधार ठरतं. म्हणून काका, आत्या, चुलतभाऊ यांच्याकडे आधी विचारावं. पुष्कळदा कागद शेजारच्या तांड्यावरच्या ट्रंकेत पडलेला असतो. वाशीमला जिल्हा जात पडताळणी समिती आहे आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हाती मुदतवाढीची वाट पाहण्यावाचून काही उरत नाही. अकरावीचा प्रवेश पक्का झाला की त्याच महिन्यात फाइल टाकावी, पोचपावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि टीसीवरचं जातीचं नाव जुन्या उताऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.