भिंतीकडची बाजू

इंदूरकराला स्वच्छतेची फुशारकी शोभते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने सलग सात वेळा पहिला नंबर काढला. सातव्या वेळी तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, पण हातचा गेला नाही. रात्री रस्ते झाडणारी यंत्रे फिरतात, सकाळी गाणे वाजवत कचऱ्याची गाडी येते, आणि ओल्या-सुक्याची गल्लत झाली तर शेजारीच टोकतो. याच शहरात घरोघरी मागच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर एक पांढरी पेटी बसवलेली असते. तिच्या पुढच्या जाळीवरून दिवाळीत फार तर एक फडके फिरते. भिंतीकडची बाजू मात्र पेटी बसवली त्या दिवसापासून कुणी पाहिलेली नसते. आणि खरी घाण नेमकी तिथेच असते.

ही पेटी म्हणजे स्प्लिट एसीचे आउटडोर. खोलीतला पांढरा, देखणा इनडोर सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचे फिल्टर काढून नळाखाली धरायला आता शाळकरी मुलेही शिकली आहेत. पण एसीची मेहनत, त्याचे आयुष्य आणि विजेच्या बिलाचा मोठा वाटा ठरतो तो बाहेर उन्हात उभ्या असलेल्या या जोडीदारावर.

माणिकबाग ते विजयनगर

इंदूरमधल्या वातानुकूलनाची गोष्ट माणिकबागेपासून सांगता येते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून हा राजवाडा बांधून घेतला. महिरपी, घुमट यांना फाटा देऊन सरळ रेषा, धातू आणि काच यांनी सजवलेल्या या वास्तूत युरोपातून मागवलेल्या आधुनिक फर्निचरबरोबर हवा थंड करणारी यंत्रणाही होती. आज त्याच वास्तूत केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आहे.

सामान्य इंदूरकराला तेव्हा आणि पुढेही कित्येक वर्षे अशा यंत्रणेची गरज भासली नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी, आणि रात्र पडली की गच्चीवर वारा सुटतो. ‘शब-ए-मालवा’चा, म्हणजे मालव्याच्या रात्रीचा, लौकिक उगीच झालेला नाही. कोरड्या हवेत खसाच्या ताट्या आणि पुढे लोखंडी कूलर उत्तम काम देतात; पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते, एवढा साधा हिशेब. मृग लागला, हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो. त्यात वाडे जाऊन सिमेंटच्या इमारती आल्या. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. विजयनगर, निपानिया या बाजूच्या बहुमजली इमारतींत गच्चीवर झोपण्याची सोयच नाही. एसी आला तो असा, गरजेच्या वाटेने.

उष्णतेचा हमाल

एसी थंडी तयार करत नाही; खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी म्हणताना त्यातला टन वजनाचा नसतो. एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी ओढण्याची क्षमता म्हणजे एक टन, तासाला १२,००० बीटीयू. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातले हे माप अजून टिकून आहे. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढते. कॉम्प्रेसरने खाल्लेली सुमारे दीड किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे आउटडोरला पावणेसात किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकायची असते, तीही आधीच भाजून निघालेल्या हवेत.

हे काम करतो बंद नळ्यांमधून फिरणारा गॅस. हल्लीच्या बहुतेक एसींत आर-३२ असतो. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. इनडोरच्या नळ्यांत कमी दाबाखाली तो उकळतो आणि खोलीतली उष्णता पितो. आउटडोरमधला कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो आणि मागच्या बाजूच्या कॉइलमध्ये ढकलतो. तांब्याच्या नळ्या आणि त्यांना घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ फिन, अशी ही कॉइल. तिथे गॅस उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो, झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमावेत तसा.

आता उष्णता नेहमी गरमकडून गारकडे जाते. बाहेर ४२ अंश असतील तर गॅसला त्याहून दहा-पंधरा अंश गरम राहावेच लागते, तेव्हा कुठे त्याची उष्णता हवा घेते. ५५ अंशांना आर-३२चा दाब वातावरणाच्या पस्तीस पट भरतो. फिन धुळीने बुजल्या, हवा कमी खेळली, की हेच तापमान साठीला जाते आणि दाब एकोणचाळीस पटींवर. कॉम्प्रेसर अधिक जोर लावतो, अधिक वीज ओढतो, आणि तरी खोली गार होत नाही. ऐन दुपारी तो तापून स्वतःहून बंद पडतो, तासाभराने पुन्हा सुरू होतो. एसीची क्षमता मोजली जाते ती बाहेर ३५ अंश धरून. म्हणजे मालव्याच्या मे महिन्यात नवा एसीही छापील आकड्याला पुरा पडत नाही. बुजलेल्या कॉइलची काय कथा.

मालव्याची धूळ

आउटडोरचा पंखा हवा पुढे फेकतो, त्यामुळे ती आत ओढली जाते मागून आणि बाजूने. म्हणूनच पुढची जाळी वर्षानुवर्षे चकचकीत राहते आणि मागे गोधडी जमते. दोन फिनमधली फट जेमतेम दीड मिलिमीटरची. तीत पहिल्यांदा अडकतात केस, कपड्यांचे तंतू, चैत्रातला कडुनिंबाचा मोहोर आणि सावरीचा कापूस. या जाळ्यावर मग काळ्या मातीची बारीक धूळ बसते. ही माती सुकी असताना पिठासारखी उडते आणि ओली झाली की लोण्यासारखी चिकटते. शहरात मेट्रोचे आणि पुलांचे खोदकाम सुरू झाल्यापासून तिच्यात सिमेंटची भर पडली आहे. आउटडोर स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टशेजारी असेल तर पोह्यांच्या फोडणीचे तेलही त्यावर बसते, आणि तेलावरची धूळ नुसत्या पाण्याने हलत नाही.

प्राण्यांचे राज्य वेगळेच. कबुतर पेटीच्या मागे काड्या रचते, खार वायरचे आवरण कुरतडते, आणि उबेला आलेली पाल सर्किट बोर्डावर चढून दोन टोके जोडते. पाल मरते आणि बोर्डही. इन्व्हर्टर एसीच्या मालकाला त्याचे बिल बरेच दिवस आठवते.

पेटी उघडताना

आउटडोर उघडणे अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. पहिले काम एमसीबी पाडणे; रिमोटने एसी बंद केला म्हणजे वीज गेली असे होत नाही. दुसरे काम थांबणे. कॅपॅसिटर वीज धरून ठेवतो, आणि इन्व्हर्टरच्या बोर्डावर मेन बंद केल्यानंतरही काही मिनिटे तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. जाणते मेकॅनिक या वेळात टेस्टर, ब्रश, पाइप मांडून घेतात, आणि आत हात घालण्यापूर्वी मीटर लावून वीज उतरल्याची खात्री करतात.

मग स्क्रू काढून आधी वरचे झाकण, नंतर पुढचा पत्रा. आत दोन कप्पे दिसतात, मध्ये पत्र्याची भिंत. मोठ्या कप्प्यात पंखा आणि त्यामागे वळसा घेतलेली कॉइल. अरुंद कप्प्यात काळा, जड कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्यांची गुंतवळ आणि वर विजेची जोडणी. वायर सोडवायच्या असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. विजेचा भाग प्लॅस्टिकने झाकायचा.

पाण्याची घाई इथेच नडते. सुकी काळी धूळ आधी मऊ ब्रशने, फिनच्या रेषेत वरून खाली, किंवा ब्लोअरने काढावी. थेट पाणी मारले तर तिचा चिखल होऊन फटीत आणखी खोल बसतो. धूळ उतरल्यावर पाणी मारायचे ते आतून बाहेर, म्हणजे हवा ज्या वाटेने आली त्याच्या उलट. आउटडोर न उघडता मागून पाइप मारणारा घाण आत ढकलतो. उघडण्याचे सगळे कारण या एका वाक्यात आहे. जेटचा जोर कमी हवा आणि धार फिनला सरळ. तिरकी धार बसली की ॲल्युमिनियम झोपते आणि हवेची वाट कायमची बंद होते. झोपलेल्या फिन सरळ करायला बारीक दात्यांची खास फणी मिळते. तेलकट थराला सौम्य कॉइल क्लीनर चालतो. बाथरूमचे ॲसिड कधीच नाही, कारण ते घाणीबरोबर ॲल्युमिनियमही खाते.

शेवटी तळाच्या पत्र्यातली भोके मोकळी करायची. ती बुजली की पावसाळ्यात पाणी साचते आणि तळ गंजतो. पंख्याची पाती, फुगलेला कॅपॅसिटर, ढिले कनेक्शन, नळीच्या नटापाशी तेलाचा डाग, हे सगळे पेटी उघडी असतानाच पाहून घ्यायचे. गॅसबरोबर नळीत तेल फिरते. नटावर तेल दिसले तर गॅसही तिथूनच गळतो आहे असा संशय घ्यावा.

पाणी कुठले, हेही इंदूरमध्ये विचारावे लागते. नळाला येते ते सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून, डोंगर चढवून आणलेले नर्मदेचे पाणी. १९७८ पासून शहर त्यावर जगते. त्याची एक-दोन बादली कॉइलला पुरते, तासभर पाइप सोडून ठेवण्याची गरज नसते. बोअरचे पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी जड. ते वाळले की फिनवर पांढरा थर धरतो. उन्हाळ्यात आउटडोरवर सतत बोअरचे पाणी शिंपडण्याची युक्ती काही घरांत दिसते. त्या दिवसापुरता गारवा वाढतो आणि दोन-तीन हंगामांत कॉइल चुनखडीची होते.

‘गैस कम है, भिया’

एसी गार करत नाही म्हटले की हे वाक्य ठरलेले. गॅस हा स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरतो आणि गळती नसेल तर यंत्राचे आयुष्य संपेपर्यंत पुरतो. दरवर्षी ‘टॉप-अप’ लागत असेल तर गळती शोधून बुजवायला हवी. बुजलेल्या कॉइलमुळेही खोली गार होत नाही. तशा यंत्रात जादा गॅस भरला तर आधीच चढलेला दाब आणखी चढतो. म्हणून क्रम असा: आधी कॉइल साफ, मग क्लँप मीटरने करंट, मग दाब, आणि सर्वांत शेवटी गॅस. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, हेही लक्षात ठेवावे. गॅस असलेल्या नळीवर गॅसबत्ती धरणे म्हणजे जिवाशी खेळ.

साफसफाईचा हिशेब बिलात दिसतो. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेची सवलत महिन्याला १५० युनिटपर्यंतच्या घरांना मिळते. दीड टनाचा एसी उन्हाळ्यात रात्री आठ तास चालला तर रोजची पाच-सात युनिटे तोच घेतो. महिन्याची दीडशे-दोनशे झाली. सवलत वाचवणे एसीवाल्या घराला कठीणच, पण वरच्या दराची युनिटे किती जळावीत, हे बऱ्याच अंशी त्या दीड मिलिमीटरच्या फटीवर ठरते.

आणि आउटडोरची उष्णता जाते कुठे? गल्लीत, शेजारच्या खिडकीत. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये फिनिक्स शहराचा अभ्यास करून दाखवले की एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे रात्रीचे तापमान काही भागांत एका अंशाहून अधिक वाढते. फिनिक्सही कोरडे आणि तापणारे. नव्या इमारतींच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवलेली आउटडोर तर एकमेकांचीच गरम हवा ओढतात. मळलेले यंत्र त्याच गारव्यासाठी जास्त वीज जाळते, म्हणजे गल्लीत जास्त उष्णता टाकते. मालव्याच्या रात्री वाचवायच्या तर हा हिशेब एका घराचा राहत नाही.

मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तोवर हे काम बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी हाताखाली पाहून शिकलेला माणूस करत होता, आणि अजूनही करतो. चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर एक पाय टेकून, एका हाताने खिडकीचा गज धरून तो पेटी उघडतो. पंधरा मिनिटांत फिल्टर धुऊन, पुढून पाणी मारून निघून जाणारा आणि तासभर खपून मागची बाजू मोकळी करणारा, दोघांनाही आपण ‘सर्व्हिस’चे सारखेच पैसे देऊ करतो, मग पहिलाच जास्त मिळतो, यात नवल नाही. मार्चमध्ये मेकॅनिकला बोलावताना तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात: आउटडोर उघडायचे, त्याच्या तासभराच्या कामाचे पैसे वेगळे द्यायचे, आणि छज्ज्यावर जायचे असेल तर दोर आणि बेल्टशिवाय जाऊ द्यायचे नाही.