'तसं काही मनात नाही ना?'

आत्महत्येचे विचार घेऊन माणूस मानसोपचार विभागात पोहोचला, की बरेचदा एक फॉर्म भरला जातो. आधी प्रयत्न केला होता का, दारू किती, घरी कोण असतं? रकान्यांत खुणा होतात, बेरीज होते आणि धोका 'कमी', 'मध्यम' की 'जास्त' ते ठरतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये या पद्धतीवर सरळ फुली मारली. अशा मोजपट्ट्यांवरून पुढच्या आत्महत्येचं भाकीत करू नका, रुग्णांची वर्गवारी करू नका आणि कुणाला उपचार द्यायचे हेही त्यावरून ठरवू नका, असं तिने सांगितलं. मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कशाचं असावं, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे. माझ्या मते ते भाकिताचं नसावं. बोलण्याचं आणि सोबत राहण्याचं असावं.

भाकीत फसतं हे काही आज कळलेलं नाही. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ४,८०० मनोरुग्णांचा अभ्यास अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. 'जास्त धोका' म्हणून ८०३ जण निवडले गेले. पाच वर्षांत ६७ जणांनी जीव दिला; त्यांतले ३० या यादीत होते, ३७ यादीबाहेर. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू जिथे काळजीचं कारण दिसत नव्हतं तिथे झाले, आणि ७७३ जणांवर उगाच शिक्का बसला. पुढे २०१७ मध्ये पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हाही अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरे ठरले. यात डॉक्टरांचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. घटना मुळात विरळ, आणि मनाची अवस्था तासातासाला बदलणारी. मँचेस्टर विद्यापीठातून चालणारी राष्ट्रीय पाहणी तर सांगते, की मानसोपचार घेत असताना आत्महत्येने गेलेल्या बहुतेकांचा धोका शेवटच्या भेटीत 'कमी' किंवा 'नाही' असाच नोंदवलेला होता. 'कमी' लिहिलं की लिहिणाऱ्याचीही काळजी कमी होते, हा या शब्दाचा खरा तोटा.

मग शिकवायचं काय? सुरुवात प्रश्नापासून करावी. ब्रिटनमध्ये मानसोपचार भेटींच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या, तेव्हा डॉक्टरांचे आत्महत्येविषयीचे बहुतेक प्रश्न नकाराकडे झुकलेले आढळले. आपल्याकडचं 'तसं काही मनात नाही ना?' हे त्याच जातीचं. त्याचं उत्तर 'नाही' एवढंच येणार, कारण विचारणाऱ्याला तेच हवं आहे हे समोरच्याला कळतं. 'इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावासा वाटतो का?' असं नजर न चुकवता विचारायला सराव लागतो, तोही सहकाऱ्यांसमोर, चुका दुरुस्त करून घेत. त्यापुढची पायरी सुरक्षा-आराखड्याची. विचार वाढू लागल्याची खूण कोणती, मन कशात रमतं, फोन कुणाला करता येईल, घरातली धोक्याची वस्तू काही दिवस कुणाच्या ताब्यात द्यायची, हे रुग्णाच्याच शब्दांत, त्याच्या शेजारी बसून लिहायचं. अमेरिकेत पाच आपत्कालीन विभागांत असा आराखडा आणि नंतरचे विचारपूस करणारे फोन दिले गेले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती जुनी आहे. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. फॉर्म नसेल तर उद्या चौकशीत काय दाखवायचं, हा आक्षेप अधिक वजनदार. पण नोंद नको असं कुणीच म्हणत नाही. रुग्ण काय म्हणाला, काय ठरलं, पुढचा फोन कोण करणार, ही नोंद आकड्यापेक्षा चौकशीतही जास्त बोलकी ठरेल. आपल्या गर्दीच्या ओपीडीत हे जमणार कसं, याचं उत्तर चेन्नईने काही अंशी दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्यांशी साधारण तासभर बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा भेटून विचारपूस, एवढाच तो उपाय. या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के झाले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. एक मात्र कबूल करायला हवं: एका दिवसाच्या कार्यशाळेने कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास वाढतो, पण पाठपुराव्याची व्यवस्था नसेल तर तेवढ्यावर जीव वाचतील अशी खात्री देता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटवायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिका आणि समुपदेशक यांना हे शिक्षण देताना त्यांच्या हाती पाठपुराव्यासाठी फोन आणि कामाच्या वेळेतला राखीव तास द्यावा, ही मागणी आपण करायला हवी. तोवर तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या कुणाला असे विचार येत असतील, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा; सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.