नाणे लाल की तपकिरी?

तांब्याची हंडी काळवंडली की चिंच-मीठ लावून घासायची, ही आपली जुनी सवय. हंडी लख्ख होते, म्हणून घरात सापडलेला जुना तांब्याचा पैसाही मुले तसाच घासून मोठ्या हौसेने वर्गात आणतात. नाण्याचे सर्वांत मोठे नुकसान नेमके त्या घासण्यात होते. ते कसे, हे समजण्यासाठी अमेरिकेतली नाण्यांच्या प्रतवारीची पद्धत पाहू.

तिथे नाण्याची अवस्था १ ते ७० या अंकांत सांगतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावली गेली. ६० किंवा त्याहून मोठा अंक म्हणजे वापरात न झिजलेले नाणे. तांब्याच्या आणि कांस्याच्या नाण्यांवर मात्र अंकापुढे रंगाची दोन अक्षरेही येतात : आरडी म्हणजे लाल, आरबी म्हणजे लाल-तपकिरी आणि बीएन म्हणजे तपकिरी. टांकसाळीतून निघतानाचा नारिंगी-लाल रंग साधारण ९५ टक्के किंवा अधिक भागावर टिकला असेल तर नाणे लाल. तो ५ टक्क्यांहून कमी उरला असेल तर तपकिरी. मधली सगळी लाल-तपकिरी. हा मधला पट्टा केवढा रुंद आहे पाहा! ९० टक्के लाल आणि १० टक्के लाल अशी दोन्ही नाणी एकाच नावाखाली येतात. आम्हाला तरी ही या पद्धतीतली सर्वांत ढिली जागा वाटते.

रंग आणि अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. ६५ अंकाचे तपकिरी नाणे ६५ अंकाच्या लाल नाण्याइतकेच निर्दोष असू शकते. तरी लाल नाण्याला किंमत जास्त, कारण ते दुर्मिळ.

दुर्मिळ का? तांबे स्वस्थ बसत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर चढतो. गंधकाची संयुगे भेटली की काळसर सल्फाइड बनते. दमट हवा हे काम झपाट्याने करते आणि बोटाच्या घामातले क्षार तर ठशाचा डागच उमटवतात. लाल ते तपकिरी हा प्रवास एकाच दिशेचा आहे.

मग चिंचेने थर काढला तर नाणे पुन्हा लाल होणार नाही का? इथेच खरी मेख आहे. थरातले तांबे नाण्याचेच होते. आम्लात थर विरघळला की तेही जाते. छाप मारताना प्रचंड दाबाखाली धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली कलते करून फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी झळाळी फिरते, ती या रेषांमुळेच. आम्लाने त्या बोथट होतात, घासल्याने नव्या ओरखड्यांखाली जातात. उरतो तो एक गुलाबी, निर्जीव चकचकाट. जाणकार तो लगेच ओळखतात आणि अशा नाण्याला ‘लाल’ म्हणत नाहीत. त्यापेक्षा न घासलेले तपकिरी नाणे शतपटीने बरे.

नाणे डबीत बंद केले तरी रासायनिक क्रिया पुरती थांबत नाही. म्हणूनच पीसीजीएस या प्रतवारी करणाऱ्या संस्थेने २०१० पासून तांब्याच्या रंगाची हमी देणे बंद केले. लेबलावरचा रंग हा तपासणीच्या दिवसापुरता!

आपल्याकडचा तांब्याचा पाव आणा किंवा १९५७ चा कांस्याचा १ नवा पैसा यांनाही हेच रसायनशास्त्र लागू आहे. वर्गात प्रयोग मात्र नाण्यावर नको. तांब्याच्या तारेचे तीन तुकडे पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा. एक कोरडा तुकडा घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, दुसरा उघड्यावर. तिसरा घामट बोटांनी चोळून उघड्यावर ठेवा. दर आठवड्याला तिन्ही तुकडे शेजारी धरून मुलांनी रंगाची नोंद करावी. ‘लाल’ कुठे संपला आणि ‘तपकिरी’ कुठे सुरू झाला, यावर वर्गात एकमत होते का, तेही पाहावे.