पेटीतले घुंगरू, मुलांची नाटिका

लग्नानंतर सुटलेला नाच पुन्हा सुरू करता येतो. आणि त्यातून घरची, शेजारची मुले एकत्र येऊन स्वतःचे काही घडवूही शकतात.

काशीतल्या दूधविनायक, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद, की मुलांना खेळायला जागा नाही. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांतच त्यांचा दिवस संपतो. अशाच घरांतून एखादी आई असते, जिने शाळेत असताना चारपाच वर्षे कथ्थक शिकलेले असते. मग लग्न, मुले, सासूसासऱ्यांचे आजारपण. घुंगरू पेटीच्या तळाशी जातात. पुन्हा बांधावेसे वाटले, तरी 'आता या वयात?' हा प्रश्न आड येतो.

लोक काय म्हणतील?

हा प्रश्न याच शहरात एका कुटुंबाला फार महागात पडला होता. सुखदेव महाराजांनी आपल्या मुलींना नाच शिकवला, म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. ते डगमगले नाहीत. त्यांची एक मुलगी धन्नो शाळेत जात असताना तिथे सावित्री-सत्यवानाच्या कथेवर नृत्यनाटिका बसत होती. धन्नोने नाचून दाखवले, तेव्हा तिला भूमिका तर मिळालीच, शिवाय बरोबरच्या मुलांना नाच शिकवण्याचे कामही तिच्यावर सोपवले गेले. हीच धन्नो पुढे सितारादेवी (१९२०-२०१४) म्हणून देशभर गाजली.

मराठी रंगभूमीवरही असे उदाहरण आहे. सुधा करमरकर पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम शिकल्या होत्या. १९५९ साली त्यांनी मुलांसाठी 'मधुमंजिरी' हे रत्नाकर मतकरींचे नाटक रंगमंचावर आणले आणि मराठी बालरंगभूमीला नवे वळण दिले.

सुरुवात कशी कराल?

आधी स्वतःच्या पायांकडे लक्ष द्या. महिनाभर रोज पंधरावीस मिनिटे साधा ततकार करा. दगडी फरशीवर सतरंजी अंथरा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दुपारची झोपेची वेळ टाळलीत, तर शेजारीही कुरकुर करणार नाहीत.

मग सहा ते बारा वर्षांची आठदहा मुले जमवा. आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास पुरे. तीनतालाच्या सोळा मात्रा चारचारच्या गटांत टाळ्यांनी मोजायला शिकवा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून नेमके समेवर येणे. हा हिशेब मुलांना खेळासारखा वाटतो. जोडीला फुगडी, झिम्मा घ्या. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना आजीचे खेळ असेच कळतात.

गोष्ट मुलांची हवी

खरी गंमत पुढे आहे. नाटिकेची गोष्ट तुम्ही ठरवू नका. मुलांना विचारा, 'काल घाटावर काय पाहिलेत?' नावाडी, पतंग, गच्चीवर वाळत घातलेले कपडे पळवणारे माकड, पावसाळ्यात पायऱ्या गिळणारी गंगा. यातूनच दहा मिनिटांची नाटिका तयार होते. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून अंगठे हलवले की मासा झाला, ओढणी लहरली की नदी झाली. वेशभूषेसाठी जुन्या साड्या पुरतात.

प्रत्येक मुलाला काम द्या. जे मूल चारचौघांत बोलायला घाबरते, त्याला वल्ही मारायला लावा. तोंड उघडावे लागत नाही, पण त्याच्याशिवाय नाव पुढे सरकत नाही, हे त्याला कळते. मुलग्यांना मुद्दाम घ्या. नाच फक्त मुलींचा म्हणणाऱ्यांना सितारादेवींचे भाचे गोपीकृष्ण यांची आठवण द्या. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटाचे ते नायक होते.

एक पथ्य मात्र पाळा. तुमचे अपुरे राहिलेले स्वप्न मुलांच्या पायात बांधू नका. एखाद्याला नाचायचे नसेल, तर त्याला टाळ्या धरू द्या, पडदा ओढू द्या.

गणेशोत्सवात किंवा घराच्या चौकात प्रयोग करा. ताल चुकेल, माकडाची शेपटी सुटेल. पण समोर बसलेल्या आजीला नातवाची गोष्ट कळेल, आणि तुमच्या मुलांना आपल्या आईची एक नवी ओळख होईल. पेटी उघडायला एवढे कारण पुरेसे नाही का?